पाच सप्टेंबरची हेडबाई

“हेमे, बाहेर पालक आलाय. खरा पालक!”

अव्या धापा टाकत आत आला तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीत मांडी घालून बसले होते आणि चहात बिस्कीट बुडवत होते. अव्या त्या दिवशीचा शिपाई. खऱ्या शिपायाची, गेनूमामांची, खाकी टोपी त्याच्या कानांवर उतरली होती आणि घंटा वाजवायचा दांडा त्याने खिशात खोचला होता.

“हेमे काय? मॅडम म्हण.”

“मॅडम तर मॅडम. पण तो दाखला मागतोय गं. आडसूळ सरांना बोलवू?”

“सर कुठायत?”

“पाचवी ब मध्ये. सव्वीसचा पाढा चुकला म्हणून नीलमने बाकावर उभं केलंय.”

“मग राहू देत उभे. पाठव त्या माणसाला आत.”

आता तुम्ही म्हणाल, हा काय पोरखेळ! तर पोरखेळच होता तो. सांगलीच्या बाहेरच्या अंगाला, मार्केट यार्डाच्या पलीकडे नव्या वसाहती उठल्या होत्या, तिथलं आमचं नगरपालिकेचं हायस्कूल. पाच सप्टेंबरला शिक्षक दिन, त्या दिवशी दहावीची पोरं मास्तर होतात, हे सगळ्या शाळांत चालतं. पण बाकी शाळांत खरे मास्तर स्टाफरूममध्ये वडे खात बसतात. आमच्या मुख्याध्यापकांना, आडसूळ सरांना, ते मान्य नव्हतं. आमच्याकडे मास्तरांनी दिवसभर बाकावर बसायचं, गृहपाठ करायचा, चुकलं तर शिक्षा घ्यायची. आणि सर सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर बजावायचे, की पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत शाळा पोरांची. आजचा हेडमास्तर जो हुकूम देईल तो उद्या कुणी फिरवायचा नाही. आदल्या वर्षीच्या हेडमास्तरने अर्धं मैदान मुलींच्या खो-खोला देऊन टाकलं होतं. ते मुलींकडेच राहिलं, कबड्डीवाले कितीही बोंबलले तरी.

हेडमास्तर निवडायला दहावीत मतदान व्हायचं. माझ्याविरुद्ध उभं राहायची कुणाची टाप नव्हती. हात वर करणाऱ्याला मी नुसतं बघून घेतलं असतं.

तर मी, हेमलता चौगुले, मावशीची अबोली नारायणपेठी नेसून आणि आजोबांचा वाचायचा चष्मा लावून त्या खुर्चीत विराजमान झाले होते. चष्म्यातून जवळचं मोठं दिसायचं आणि लांबचं सगळं धुक्यात. उंचीने मी पहिल्यापासून गिड्डी, म्हणून बुडाखाली दोन जाडजूड शब्दकोश घेतले होते. साडी नेसवून दिली होती जयमालाने. आठवीतली पोर, बोलायला अगदी कमी, पण हाताला चलाख. तिने दहा ठिकाणी पिना टोचून साडी अशी बसवली, की मी भांडले असते तरी सुटली नसती. तिचे डोळे सुजलेले होते.

“रडलीस काय गं?” मी सकाळी विचारलं होतं.

“नाही ताई. हळद गेली डोळ्यात.”

तिचा बाप हळदीच्या वखारीत हमाल होता, म्हणून मलाही ते पटलं.

आणि आता तोच बाप माझ्यासमोर उभा होता. मला आधी कळलंच नाही. चष्म्यातून दिसला तो नुसता एक पिवळट पांढरा ठिपका. त्याने दारातच चपला काढल्या आणि टेबलापाशी आला तेव्हा त्याची पिवळी नखं स्पष्ट दिसली.

“नमस्कार बाई. पोरीचा दाखला पायजे व्हता. जयमाला मोहिते, आठवी अ.”

बिस्किटाचा तुकडा कपात पडला, तो मी पडू दिला.

“कशाला हवाय दाखला?”

“गावाकडं न्यायची हाय. जतच्या बाजूला.”

“तिकडे कुठल्या शाळेत घालणार?”

“हाय की… तिथंच एक.”

“शाळेचं नाव सांगा. नावाशिवाय दाखला निघत नाही.”

हे मी ठोकून दिलं. दाखला कसा निघतो ते मला कुठे माहीत? पण माणूस टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला.

“शाळा न्हाई बाई,” शेवटी तो म्हणाला. “लगीन हाय. तुळशीचं लगीन झालं की हिचं.”

“कुणाचं?” मी खुळ्यासारखं विचारलं.

“जयमालाचं. द्राक्षाची बाग हाय त्यांची. हिरीला बारमाही पाणी हाय. थोरल्या भावानं ठरवलंय माझ्या. भायेर गेटापाशी उभा हाय त्यो.”

“आणि जयमाला काय म्हणते?”

“परवापासनं जेवली न्हाई.”

“तुम्ही काय म्हणता?”

त्याने अंगठ्याचं नख दातांत धरलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा वर्षांची होते मी. माझ्या साडीच्या पिना लावणारी पोर, जिला अजून शाळेच्या भिंतीवर चढून पेरू काढायचे होते, तिला हे लोक द्राक्षाच्या बागेत नेऊन टाकणार होते. आणि हा बाप म्हणवणारा माणूस नखं कुरतडत उभा!

“दाखला मिळणार नाही,” मी म्हणाले.

“आँ?”

“मिळणार नाही म्हणजे नाही. दहावी झाल्यावर या.”

“असा नियम हाय व्हय?”

“आहे.”

“कवापासनं?”

“आजपासून. मी काढलाय.”

मला वाटलं, आता हा हात जोडेल, गयावया करेल, नाहीतर खऱ्या सरांना बोलवा म्हणेल. अव्या दारात उभ्या उभ्या मला डोळ्यांनी खुणावत होता, की बाई, आवर. पण जयमालाच्या बापाने, आत्माराम मोहितेने, भलतंच मागितलं.

“येवढं माझ्या भावाला सांगशीला? मी सांगून त्याला पटायचं न्हाई. जरा… जोरात सांगा.”

मी मनात म्हटलं, बिचारा माझ्या धाकाने गार झाला.

“आणा त्यांना,” मी म्हणाले.

तो बाहेर गेला तसा अव्या टेबलावर ओणवला. “हेमे, येडी झालीस का तू? तो गेटावरचा माणूस बघितलायस? मिशीला पीळ आहे त्याच्या! तुला उचलून खिडकीबाहेर टाकेल.”

“तू आठवी अ मध्ये जा. तिथल्या बाईंना सांग, जयमालाला कुणीही बोलावलं तरी सोडायचं नाही. हेडबाईंचा हुकूम आहे म्हणावं.”

“आठवी अ च्या बाई म्हणजे आपली सुरेखाच ना? ती तर आत्ताच रडकुंडीला आलीय. पोरं ऐकत नाहीत तिचं.”

“जा म्हणते ना!”

अव्या पळाला. मी पदर सारखा केला, शब्दकोशांवर नीट बसले आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली. काही झालं तरी उभं राहायचं नाही. उभी राहिले की उंचीचं पितळ उघडं पडणार होतं.

हिंदुराव मोहिते आत आले ते चपलांसकट. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि मिशी अव्याने सांगितली तशीच. मागून आत्माराम, मान खाली घालून. हिंदुरावांनी मला वरपासून टेबलापर्यंत न्याहाळलं.

“ह्या हेडबाई?” ते भावाला म्हणाले. “लई तरणी दिसतीया.”

“नवी बदलून आलीया, दादा,” आत्माराम हळूच म्हणाला. “लई कडक हाय म्हणत्यात. मास्तर लोकबी टरकून असत्यात.”

हिंदुराव फस्सकन हसले. “ह्या एवढ्याशा बाईला?”

खोटं कशाला सांगू? त्या हसण्यापुढे माझी मावशीची साडी, चष्मा, सगळं खेळण्यातलं वाटायला लागलं. एवढ्यात दारातून आवाज आला.

“मॅडम, आत येऊ का?”

दारात आडसूळ सर उभे होते. साठीला टेकलेले, डोक्यावर पांढरे केस, अंगात कोट. हात पुढे बांधलेले, नजर जमिनीवर.

“या,” मी म्हणाले. माझा आवाज थोडा चिरकला.

“मॅडम, माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही.”

पाढ्याची चूक हे मला माहीत होतं, हिंदुरावांना नव्हतं. त्यांनी त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे!

“तुमच्या वयाला शोभतं का हे, आडसूळ? शंभर वेळा लिहून आणा. संध्याकाळच्या आत.”

“हो मॅडम.”

“जा आता.”

सर मान खाली घालून उलट्या पावली गेले. मी हिंदुरावांकडे वळले, तोवर त्यांनी पायातल्या चपला काढून भिंतीशी सरकवल्या होत्या. मग मात्र मी थांबले नाही.

“पोरगी चौदा वर्षांची आहे. या वयात तिचं लग्न लावलं तर लावणारे आत जातात, हे माहीत आहे ना?”

“बाई, पोलिसाचं नाव कशाला काढताय? आमच्या पोरीचं भलंबुरं आमी बघू.”

“तुमची कुठली? तुम्ही चुलते. बाप हा उभा आहे.” आणि मी आत्मारामवर घसरले. “काय हो मोहिते? पोरगी उपाशी आहे आणि तुम्ही भावाच्या पाठीमागे लपताय? मूग गिळूनच बसायचं होतं तर बाप कशाला झालात? तिनं कुणाकडं बघायचं, सांगा ना! त्या वखारीतल्या पोत्यांकडं?”

आत्माराम नुसता उभा राहिला. मला त्याचा जास्तच संताप आला.

“ओ बाई!” हिंदुराव एकदम कडाडले. “माझ्या भावाला बोलायचं काम न्हाई. गरीब हाय त्यो.”

“मग गरिबाची पोर त्याच्याजवळ राहू द्या. दहावी होईपर्यंत दाखला मिळणार नाही. कलेक्टर आले तरी नाही.”

हिंदुराव बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. भावाकडे बघितलं. आत्मारामच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

“रडतोस काय लेका, बायकांवाणी,” हिंदुराव म्हणाले. पण आवाज उतरला होता. “दहावी म्हंजे अजून किती?”

“अडीच वर्सं, दादा.”

“पाव्हण्यांस्नी काय सांगू मी?”

“सांगा, हेडबाई खाष्ट आहे,” मी म्हणाले.

“ते तर हायच,” हिंदुराव म्हणाले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले. आत्माराम दारापाशी थबकला, माझ्याकडे वळून हात जोडले आणि भावाच्या मागे गेला.

शेवटची घंटा झाल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. आता खुर्चीत ते होते आणि मी समोर.

“सर, मी एक नियम काढलाय. म्हणजे, नसलेला.” आणि मी सगळं सांगितलं.

सर ऐकून घेत होते.

“हुकूम दिलास ना?” शेवटी म्हणाले. “मग झालं. तो फिरणार नाही.” आणि म्हणाले, “ओरडलीस का त्यांच्यावर?”

“हो सर. जरा जास्तच.”

“छान. आता एक विनंती. शंभरऐवजी दहा वेळा लिहिलं तर चालेल का?”

जयमाला राहिली. दुसऱ्या दिवशी डब्यात भाकरी घेऊन आली आणि मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून सगळी खाल्ली. त्या वर्षी मी दहावी होऊन बाहेर पडले. पुढे आमचं बिऱ्हाड विट्याला गेलं आणि संबंध तुटला.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, हिशेब नाही. लग्नाच्या पंगतीत सांगितली, माहेरवाशिणींत सांगितली, आणि एसटीत कंडक्टर लागल्यावर डेपोत तर कित्येकदा. दोन बाप्ये कसे गार केले, अन् तेही पंधराव्या वर्षी! ऐकणारे हसून लोळायचे आणि मी फुशारून जायचे. कुणी दारूडा गाडीत चढला, कुणी तिकिटावरून हुज्जत घालायला लागला, की मी मनातल्या मनात ती खुर्ची ओढून बसायचे. आवाज आपोआप यायचा.

परवा सांगली–जत गाडीवर होते. यार्डाच्या स्टॉपला गर्दी चढली.

“मागं सरका! मधे मोकळं आहे, दाराला काय चिकटलाय? मूग गिळून उभे राहू नका, तिकीट बोला!”

पहिल्या बाकावरचा एक म्हातारा खुदकन हसला. कार्ड पुढे केलं, मी अर्धं तिकीट दिलं, तरी माझ्याकडे बघतच होता.

“तुमी नगरपालिकेच्या शाळंत हेडबाई व्हता न्हवं?”

मी चपापले. त्याच्या नखांकडे बघितलं. काही रंग माणसाला सोडून जात नाहीत.

“मोहिते?”

“आत्माराम मोहिते. जयमालाचा बाप.”

आता काय सांगावं याला? इतक्या वर्षांनी या भाबड्या माणसाला कळलंच पाहिजे, असं मला वाटलं. मी त्याच्याशेजारी टेकले.

“मामा, एक सांगू? मी खरी हेडबाई नव्हते हो. शाळेतली पोरगी होते. तो शिक्षक दिनाचा खेळ होता.”

“तर! पाच सप्टेंबर,” म्हातारा म्हणाला. “म्हणून तर त्या दिवशी आलो.”

तिकिटांचं मशीन मांडीवर ठेवून मी त्याच्याकडे वळले.

“आडसूळ सरांकडं मी आधीच गेलतो,” तो सांगायला लागला. “रडलो त्यांच्याफुडं. सर म्हणाले, बापानं दाखला मागितला तर मला द्यावाच लागतो. आन् लग्नाचं कळलं म्हटल्यावर पोलिसांत कळवावं लागंल. तुझा भाऊ आत जाईल, चालंल का? मी म्हणालो, सर, आईबाप मेल्यावर दादानं मला पाठीवर घिऊन वाढवलाय. त्याच्या हातात बेडी बघवायची न्हाई. त्याच्या तोंडावर न्हाई म्हणायला जीभ उचलत न्हाई. आन् पोरीलाबी द्यायची न्हाई. मग सर म्हणाले, पाच तारखेला भावाला घिऊन या. त्या दिवशी खुर्चीत मी नसतो.”

“पण मी असणार हे त्यांना काय माहीत? मतदान तर नंतर झालं!”

“ते म्हणाले, चौगुल्याची पोर असणार. तिला नियम ठावं न्हाईत आन् भ्यावबी ठावं न्हाई.”

“आणि सर दारात आले ते?”

“मीच दादाला आत आणताना पाचवीच्या खिडकीतनं त्यांना खूण केलती.”

इतकी वर्षं मी ज्या खुर्चीवर चढून बसले होते, ती त्या दोघांनी माझ्याखाली सरकवली होती तर! क्षणभर मला रागच आला. मग हसू फुटलं, इतकं, की ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. आणि मग आडसूळ सरांची आठवण होऊन डोळे भरून आले. सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी कधी एका शब्दाने सांगितलं नाही. माझा दिवस माझाच राहू दिला.

“मामा, मग मी तुम्हाला जे बोलले, तेही ठरलेलं होतं?”

“ते कुठलं ठरतंय! जोरात बोला एवढंच म्हणालतो मी. ते तुमी मनानं बोलला.”

“वाईट वाटलं असेल.”

“लागलं. लई लागलं.” त्याने खिडकीबाहेर बघितलं. “पर बरं झालं. जयमाला दहावी पास झाली तवा दादा परत स्थळ घिऊन आला. त्या टायमाला हेडबाई कुठनं आणू? मग मीच म्हणालो, न्हाई.”

“काय म्हणाले मग?”

“काय म्हणणार? उठून गेला. कैक वर्सं बोलला न्हाई माझ्याशी. रस्त्यात गाठ पडली तर तोंड फिरवायचा. जयमालानं आयटीआय केलं, लाइटीच्या ऑफिसात लागली, तिचं तिच्या मनाजोगतं लगीन झालं. पेढं पाठवलं तर माघारी आलं.”

“अजून बोलत नाहीत?”

“गेल्या वर्साला वादळ झालं. दादाच्या वस्तीवरची लाइन तुटली. चार दिस अंधार, पाण्याची मोटर बंद. तक्रार केल्यावर ऑफिसानं माणूस धाडला.” म्हातारा माझ्याकडे वळला. “जयमालाच गेली. कमरंला पट्टा बांधला आन् खांबावर चढली. दादा खाली. ऐंशीच्या फुडं वय, काठी टेकून उभा. वर बगून मोठ्यानं वरडला म्हणं, समद्या वस्तीला ऐकू गेलं.”

“काय ओरडले?”

“‘जपून गं बाई! माझी पोर हाय ती, कुणीतरी खालनं धरा रं तिला!’”